यंत्र आलं, म्हणून बाई नकोत?

"आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवील, मग इतके शिक्षक कशाला?" एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी हसत विचारलं. समोर बसलेल्या शिक्षिका हसल्या नाहीत.

मैत्रिणींनो, बाईला घराबाहेर पगार आणि मान देणारी ही वाट सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडे वाड्यात पाडली. ती अरुंद करायला यंत्राची वाट कुणी पाहिली नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. काम पूर्ण शिक्षिकेचं, हातात मात्र तीन वर्षं मानधन! प्राथमिकचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडलं. आता त्याच काटकसरीला नवं कारण मिळालं आहे.

यंत्र पाढे घेईल, उतारे तपासील. खुशाल तपासू दे. पण आईबाप ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी राहिलेली चौथीतली मुलगी त्याच्या लेखी नुसती 'गैरहजर'. तिच्या दारात बाई जातात. हे काम कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून तर ते फुकट.

यंत्र आणायचंच तर आधी माहित्या भरायला आणा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई आहे. तरी ऑनलाइन तक्ते भरण्यात बाईंचे तास जातात. ते तास वाचले तर वर्गाला मिळणार, की पदं कमी करायला वापरणार? याचं उत्तर शासनाकडे लेखी मागू या. संघटनेच्या बैठकीत हा प्रश्न शिक्षिकांनीच मांडावा. आणि ती बैठक संध्याकाळी सातला, स्वयंपाकाच्या वेळी, ठेवू नका.