अण्णांचा चष्मा

संपादकांचे पत्र आले : "यंदा काहीतरी खुसखुशीत पाठवा." जसे काही मी चकल्याच तळायला बसलो आहे! गेली इतकी वर्षे दिवाळीत या पानावर आपली भेट होते, तेव्हा वाचकांशी प्रतारणा नको म्हणून आधीच सांगतो. यंदाची चकली जरा मऊ पडली आहे. गोष्ट गेल्या दिवाळीतली, आणि तिच्यात मी शहाणा ठरत नाही.

नोकरी संपल्यावर आम्ही उभयता मासवणला येऊन राहिलो. घरापासून सूर्या नदी हाकेच्या अंतरावर. दिवाळीत आजूबाजूचे भात कापणीला आलेले, सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी नकोशी होते. माझी पुतणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत असते, ती चार दिवसांच्या रजेवर आली होती. रजा म्हणजे हल्ली एवढेच, की कचेरी मांडीवर घेऊन बसायचे. सौ. आत करांदे उकडत होत्या आणि ही ओटीवर लॅपटॉपशी भांडत होती.

"काका, हा मला ओळखतच नाही!"

मी दचकलो. मुलगी लग्नाची आहे, आणि ओळख न देणारा "हा" कोण, हे विचारणे काकाला प्राप्तच होते. पण तो निघाला तिच्या कंपनीचा कुठेतरी दूर ठेवलेला संगणक. ती इथून काही टंकी, तर पडद्यावर भलतेच उमटे. खोडायला जावे, तर अक्षर जाण्याऐवजी पुढे कोरी जागा वाढे. तिने सांगितले ते मला समजले तसे सांगतो.

पूर्वी संगणक एक असे आणि त्याच्यापुढे बसणारी माणसे अनेक. प्रत्येकापुढे फक्त एक पडदा आणि एक कळफलक, म्हणजे टर्मिनल. आता टर्मिनल हे लॅपटॉपवरच्या नुसत्या एका खिडकीत उरले आहे, पण रीत जुनीच. पलीकडच्या संगणकाला ही खिडकी दिसत नाही. तिचे फक्त नाव त्याला कळते. त्या नावावरून तो आपल्या दप्तरात शोधतो, की या नावाच्या गृहस्थाला काय काय येते, आणि मग त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलतो. नाव दप्तरात नसेल, तर सगळा आनंद!

"मग आता?"

"आता त्याला चिठ्ठी पाठवते." तिने एक शब्द टंकला, 'इन्फोकॉम्प', आणि पडद्यावर गिचमिड अक्षरांच्या ओळी सरसर उतरल्या. ही म्हणे तिच्या टर्मिनलची संपूर्ण ओळख. हीच तिने पलीकडे धाडली. तिथल्या 'टिक' नावाच्या दुसऱ्या कारकुनाने ती दप्तरी दाखल केली आणि दोन मिनिटांत दोघांचे सूत जमले. आमच्या लहानपणी परगावच्या शाळेत नाव घालताना जुन्या हेडमास्तरांचा दाखला नेत असू, त्यातलाच प्रकार.

मला गंमत वाटली. मी म्हटले, "हे आणि काय करते?"

"पत्रिका जुळवते," ती म्हणाली. काकाला समजेल अशा भाषेत बोलायची तिला सवय आहे.

हे दप्तर कसे आले, तेही तिने सांगितले. १९७० च्या दशकात टर्मिनले करणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या आणि प्रत्येकीची बोली निराळी. पडदा पुसायला एकाला एक खूण लागे, दुसऱ्याला दुसरी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने किती बोली शिकाव्यात? तेव्हा अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय नावाच्या तरुणाने सगळ्या टर्मिनलांची वर्णने एका वहीत गोळा केली, तिचे नाव 'टर्मकॅप'. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत मार्क हॉर्टन याने तिची सुधारलेली आवृत्ती केली, ती 'टर्मइन्फो'. प्रत्येक पत्रिकेत तीन प्रकारच्या नोंदी. काही होय-नाहीच्या : उजवी कड आली की हा आपण होऊन खालच्या ओळीवर जातो का? काही आकड्यांच्या : रकाने ऐंशी, ओळी चोवीस. आणि बाकीच्या हुकमांच्या : याला पडदा पुसायला सांगायचे तर नेमके काय म्हणायचे?

एक नाव दिले की इन्फोकॉम्प त्याची पत्रिका छापतो. दोन नावे दिली की फक्त फरक सांगतो. सांगितलेच तर दोघांत समान काय तेही सांगतो, आणि दोघांतही नाही असे काय, तेसुद्धा! लग्न जमवणाऱ्या आमच्या गुरुजींना हे शेवटचे कधी सुचले नाही, नाहीतर गावातले निम्मे संसार वाचले असते.

सगळ्यांत तोकडी पत्रिका निघाली 'डम्ब' नावाच्या टर्मिनलची, म्हणजे मुक्याची. जेमतेम अर्धा डझन नोंदी. ऐंशी रकाने, ओळ संपली की खाली उतरता येते, आणि घंटी वाजवता येते. आतून सौ. म्हणाल्या, "बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची बघ गं, अशीच असेल."

हसलो. मग पुतणीने फरक कसा दिसतो ते दाखवण्यासाठी दोन जुनी नावे घेतली. "ही डिजिटल कंपनीची. एक १९७८ सालचे, व्हीटी-१००. दुसरे १९८३ चे, व्हीटी-२२०. अजून सगळे यांचीच नक्कल करतात."

शंभर आणि दोनशेवीस. हे आकडे मी कुठेतरी पाहिले होते.

आता मागे जावे लागेल. मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. कोणत्या ते सांगत नाही. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रे शिरू लागली. आमच्याकडे ती यायला नव्वदीचे दशक उजाडले. आत एका खोलीत एक संगणक, आणि काउंटरांवर त्याची टर्मिनले. बचत खात्याच्या काउंटरवर अण्णा बसत. वय पंचावन्नच्या पुढे, अक्षर मोत्यासारखे, आणि खतावणीत चूक काढणारा अजून जन्मायचा होता अशी त्यांची ख्याती. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. विश्वासही नव्हता.

१९९७ च्या पावसाळ्यात अण्णांचे टर्मिनल बिघडले आणि दुसऱ्या शाखेतून एक जुने आणून बसवले. आठवड्याभराने अण्णा माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पडद्यावर जुनं चिकटून राहतंय. नवीन खातं उघडलं तरी मागल्याची शेपटी तिथंच."

मी कामात होतो. म्हणालो, "अण्णा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

पुढच्याच महिन्यात एका खातेदाराने साडेतीन हजार रुपये भरले ते भलत्याच खात्यात जमा झाले, आणि त्या भलत्याने ते काढूनही नेले. नावे बदलून सांगतो. पैसे भरणारा 'पाटील रामचंद्र सदाशिव', आणि जमा झाले 'पाटील राम' या खात्यात. खाते क्रमांकात शेवटच्या एका आकड्याचा फरक. रामचंद्राने लागोपाठ दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. पहिली बरोबर चढली, दुसरीच्या वेळी आकडा चुकीचा दाबला गेला. अण्णांनी ते नाकारले नाही. ते एवढेच म्हणत राहिले, "मी नाव वाचून पाहिलं. पडद्यावर रामचंद्र सदाशिवच होतं." चौकशी झाली. त्या खात्याचे नाव उघडून पाहिले, तर दुसऱ्या टर्मिनलवर स्वच्छ 'पाटील राम'. झाले! 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असा शेरा लिहिला गेला. खाली सही माझी. अण्णांनी साडेतीन हजार पदरचे भरले आणि सहा महिन्यांनी निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत मी भाषण केले. बऱ्यापैकी झाले होते.

माझी रोजनिशी लिहायची सवय जुनी आहे. माळ्यावरून १९९७ ची वही काढली. त्यात दोन नोंदी सापडल्या. पावसाळ्यातली : "काउंटर २ ला बदली टर्मिनल आले." आणि दिवाळीनंतरची : "इंजिनिअर आला. कोणत्या तारेवर कोणते टर्मिनल याच्या यादीत काउंटर २ समोर २२० होते, त्याचे १०० केले. अण्णांची तक्रार बंद." या दोन नोंदींमध्ये माझी सही कोणत्या तारखेला झाली, ते मला वहीत पाहावे लागले नाही.

पुतणीला सगळे सांगितले. ती गप्प झाली. मग तिने दोन्ही नावे टंकली आणि फरकाची यादी हळूहळू खाली आणली. दोनशेवीसला ओळीत अक्षर घुसवता येते, काढता येते. शंभरला येत नाही. पडदा पुसायला सांगितले की शंभरसाठी पन्नास मिलिसेकंद थांबावे लागते, दोनशेवीससाठी तशी अट नाही. एका ओळीवर तिने बोट ठेवले. 'ई-सी-एच', म्हणजे इतकी अक्षरे पुसून टाक हा हुकूम. दोनशेवीसच्या बाजूला तो हुकूम लिहिलेला, आणि शंभरच्या बाजूला एकच शब्द : 'नल'.

"काका, असे प्रोग्रॅम फार कंजूष असतात. तार मंद असायची ना, म्हणून. पडद्यावर आधी जे आहे त्यात जेवढा फरक करायचा तेवढंच पाठवतात. आधी होतं 'पाटील रामचंद्र सदाशिव'. आता हवं 'पाटील राम'. म्हणजे 'पाटील राम' आहेच, ते पाठवायला नको. उरलेली शेपटी फक्त पुसायची."

आम्ही इंग्रजी अक्षरे मोजली, कारण पडदा इंग्रजीत होता. 'चंद्र'ची सात, मधली मोकळी जागा एक, 'सदाशिव'ची आठ. सोळा. सोळा कोऱ्या जागा धाडायच्या तर सोळा अक्षरे खर्ची पडतात. 'सोळा घरे पूस' हा हुकूम पाच अक्षरांत होतो. संगणकाने यादीत दोनशेवीस वाचले, पाच अक्षरे धाडली आणि काम झाले असे समजून पुढे गेला. काउंटरवर बसलेल्या शंभरला तो हुकूम ठाऊक नव्हता. न कळलेला हुकूम तो मुकाट्याने गिळतो. ना घंटी, ना कुरकुर. नाव होते तसेच राहिले. अण्णांनी वाचले ते तिथे लिहिलेले होते.

"हे नक्की असंच झालं असेल?" मी विचारले.

"शपथेवर नाही सांगणार," पुतणी म्हणाली. "तो प्रोग्रॅम आता मिळणार नाही, ते टर्मिनलही नाही. आणि हे इन्फोकॉम्प काही यंत्राला विचारून सांगत नाही. कुणीतरी लिहून ठेवलेली वर्णनं समोरासमोर धरतं एवढंच. पण त्यांची तक्रार, ती शेपटी, आणि शंभर केल्यावर ती थांबली, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय."

मला शपथ नकोच होती. तक्रार आणि दुरुस्ती, दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात होत्या. त्या एकमेकींशेजारी धरून पाहायला संगणकही लागला नसता.

पाडव्याला पालघरला जाऊन ती यादी कागदावर छापून घेतली आणि तसाच केळव्याला गेलो. अण्णा तिथे मुलाकडे असतात. पंचाऐंशी ओलांडली, कान गेले आहेत, डोळे मात्र शाबूत. मोतीबिंदू काढल्यापासून चष्मा फक्त वाचायला. फराळ झाला, पानमळ्यांची चौकशी झाली, कुणाकुणाच्या तब्येती झाल्या, आणि मी कागद काढला. मोठ्याने, दोनदा, सगळे सांगितले. ई-सी-एच त्यांना कळले असेल असे नाही. 'शेपटी' म्हटल्याबरोबर कळले.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद बराच वेळ पाहिला. खतावणी पाहत तसा, बोट एकेका ओळीवरून खाली नेत. नलपाशी बोट थांबले.

"साहेब, सही तुमची होती."

"होय."

"माझ्या हिला मी सांगितलं होतं, की नाव तेच होतं. ती म्हणायची, असेल हो." त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मी खाली पाहत राहिलो.

मग अण्णाच म्हणाले, "साडेतीन हजारांचं राहू द्या. आकडा मीच चुकीचा दाबला होता. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी पालघरला जाऊन चष्मा बदलला होता. नंबर तोच निघाला. काचा मात्र त्यानं नव्या बसवल्या. दीडशे रुपये घेतले."

मी पाकीट उघडले. शंभराची एक आणि पन्नासाची एक नोट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी त्या दोन नोटा दोनदा मोजल्या, घडी करून बनियनच्या खिशात घातल्या, आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "साहेबांना अजून एक करंजी दे."