पुढल्या अॅक्सलचा दांडा घरीं बदलावा काय?

शेतकऱ्यानें आपल्या यंत्रांची दुरुस्ती कोठवर स्वतः करावी व कोठें थांबावें, हा प्रश्न दिवसेंदिवस महत्त्वाचा होत चालला आहे. बैलगाडीच्या काळांत तो फारसा पडत नसे. चाकाचा आरा सुटला किंवा धाव ढिली झाली, तर घरधनी सुतार-लोहाराच्या शेजारीं बसून काम उरकून घेत असे व तें पाहतां पाहतां स्वतः शिकतही असे. आतां गोठ्याशेजारीं ट्रॅक्टर व जीप उभी असते, आणि बिघाड होतांच मालक हात बांधून तालुक्याच्या मिस्त्रीची वाट पाहत बसतो. पेरणीचा वाफसा मात्र मिस्त्रीसाठीं थांबत नाहीं. ही स्थिति बदलली पाहिजे असें आमचें मत आहे; पण सरसकट नव्हे. कोणतें काम घरीं करावें व कोणतें करूं नये याचा विवेक स्पष्ट व्हावा, म्हणून आज आम्ही एकच उदाहरण घेतों. तें म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपच्या पुढल्या अॅक्सलचा दांडा बदलणें.

विलीज घडणीची जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीमार्फत आपल्या देशांत आली, व त्याच वळणाच्या गाड्या पुढें अनेक दशकें येथें तयार होत राहिल्या. त्यांपैकीं कित्येक आजही खेडोपाडीं काम करीत आहेत. या जुन्या घडणीचा पुढला अॅक्सल म्हणजे एक पोकळ, भक्कम लोखंडी नळकांडें होय. गाडीचें ओझें हें नळकांडें व चाकाच्या हबांतील बेअरिंगें वाहतात. आंतील दांड्यावर तें ओझें नसतें. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत फिरण्याचा जोर पोंचविणें एवढेंच त्याचें काम. बैलगाडीचा आख व हा दांडा यांत हाच मोठा भेद आहे. आख मोडला कीं गाडी बसली; येथें दांडा मोडला तरी चाक जागेवर राहतें, आणि डिफरन्शियल न उघडतां तो दांडा चाकाच्या बाजूनें बाहेर ओढून काढतां येतो. हें काम घरीं करण्याजोगें आहे असें आम्ही म्हणतों, तें या रचनेच्या आधारावर; केवळ हौसेनें नव्हे. मात्र चाक वळतें त्या ठिकाणच्या सांध्याचेच तुकडे झाले असतील, तर ते आंत अडकून स्टिअरिंग जाम होऊं शकतें. अशी गाडी चालवीत घरीं आणण्याचा मोह टाळावा.

दांडा बदलण्यापूर्वीं तो कां मोडला याचा विचार करावा. नाहीं तर नवा दांडाही त्याच वाटेनें जाईल. वळणावर पुढल्या चाकांस मागल्या चाकांपेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. जुन्या जीपमध्यें पुढला व मागला अॅक्सल यांच्या दरम्यान हा फरक सोसणारी कोणतीही योजना नाहीं. चिखलांत चाक थोडें घसरतें व ताण आपोआप सुटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें सहजासहजीं घसरत नाहीं, आणि सगळा ताण दांडा, सांधा व गिअर यांवर येतो. पुढल्या चाकांचा जोर न काढतां डांबरी सडकेनें बाजार गांठणारा मालक आपल्याच हातानें दांडा दुबळा करीत असतो. दुसरें कारण म्हणजे रुतलेल्या गाडीचें चाक पुरतें वळवून एकदम जोर देणें. सांधा अधिकांत अधिक वांकलेला असतांना तो सर्वांत कमकुवत असतो. तिसरें कारण, ओढा ओलांडतांना आंत शिरलेलें पाणी व वंगणाची हेळसांड.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. गाडी कठीण व सपाट जागीं उभी करून मागल्या चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे लावावे. जॅकनें पुढचा भाग उचलून अॅक्सलच्या नळकांड्याखालीं लोखंडी घोड्या द्याव्या व मग चाक काढावें. हबच्या टोकाची टोपी, तिच्या आंतील लॉकची कडी व जोर पोंचविणारी तबकडी क्रमानें काढावी. फ्री-व्हील हब बसविलेलें असल्यास तें उतरवावें. नंतर लॉक वॉशरची वांकवलेली कड सरळ करून दोन्ही मोठे नट त्यांच्याच मापाच्या बॉक्स पान्यानें सोडवावे. छिनी-हातोड्यानें नट फिरविण्याची रीत अनेक ठिकाणीं दिसते. ती वाईट आहे, कारण तीमुळें नट खराब होतो व पुढें बेअरिंग आवळण्याचा अंदाजही चुकतो. हब ड्रमसकट बाहेर आल्यावर ब्रेकची बॅक प्लेट सोडवून तारेनें वर बांधावी. रबरी नळीवर ती लोंबकळत ठेवूं नये. मग स्पिंडल काढलें कीं सांध्यासह दांडा हलकेंच बाहेर येतो.

डिफरन्शियल मध्यभागीं नसल्यामुळें दोन बाजूंचे दांडे सारख्या लांबीचे नसतात. म्हणून जुना दांडा बरोबर न्यावा, आणि लांबी व टोकाचे दांते ताडून पाहिल्याखेरीज दुकान सोडूं नये. नवा दांडा बसवितांना त्याचा भार आंतील ऑईल सीलवर पडूं देऊं नये. सील फाटलें तर डिफरन्शियलचें तेल सांध्याच्या पोकळींत व तेथून ब्रेकपर्यंत पोंचूं शकतें. दांते गिअरांत बसेपर्यंत दांडा हातानें अलगद फिरवावा, ठोकूं नये. बेअरिंगें धुऊन, तपासून त्यांत नवें ग्रीस भरावें. हब चढविल्यावर आंतला नट, चाक फिरवीत फिरवीत, तें जड लागेपर्यंत आवळावा व मग सुमारें एकषष्ठांश फेरा मागें घ्यावा. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत निराळें माप दिलें असल्यास तेंच प्रमाण मानावें. चाक मोकळें फिरलें पाहिजे, परंतु डुगडुगतां कामा नये. शेवटीं लॉक वॉशर व बाहेरचा नट बसवून वॉशरची कड पुन्हां वांकवावी. हें काम क्षुल्लक दिसतें. पण घाट उतरतांना नट जागेवर राहतो तो या वांकवलेल्या कडेमुळें.

यावर कोणी म्हणतील कीं, चूक झाली तर जीव जाईल. त्यापेक्षां दोन दिवस खोळंबा पत्करला. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. जॅक गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. काळ्या जमिनींत तो खचतो, विटा ओझ्याखालीं एकाएकीं फुटतात, दगडांची चवड सरकते. घोड्या नसतील तर काम हातीं घेऊं नये, आणि एकट्यानें तर मुळींच नाहीं. जुन्या ब्रेकच्या धुळींत अॅस्बेस्टॉस असूं शकतें. ती फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी. काम झाल्यावर ब्रेक तपासून गाडी प्रथम आवारांत हळू चालवावी, व थोड्या फेरीनंतर हब तापतें काय तें पाहावें.

मर्यादाही स्पष्ट असावी. दांडा आंतल्या दांत्यांपाशीं मोडून तुकडा डिफरन्शियलमध्यें राहिला असेल, तेलांत लोखंडाच्या कपच्या दिसत असतील, किंवा स्पिंडल झिजलें असेल, तर तेथें थांबून कुशल मिस्त्रीस बोलवावें. तसेंच २०२० सालीं आलेल्या थारसारख्या गाड्यांचीं पुढलीं चाकें एका अॅक्सलनें जखडलेलीं नसून प्रत्येक चाक स्वतंत्रपणें खालींवर होतें. तेथील दांड्याची व हबाची रचना निराळी आहे. जुन्या जीपवर शिकलेली रीत तेथें चालवूं नये.

मिस्त्रीचा धंदा बुडावा अशी आमची इच्छा नाहीं. उलट, ज्या मालकानें एकदां हब उघडून पाहिलें, त्यास गळतें सील व बदललेला आवाज वेळींच ओळखतां येतो. मिस्त्रीकडे गेला तरी तो नेमकें काय झालें तें सांगतो, व केलेल्या कामाची पारख करतो. जाणत्या गिऱ्हाइकामुळें चांगल्या कारागिराची किंमत वाढतेच.

राहिला हत्यारांचा प्रश्न. हबच्या नटाचा बॉक्स पाना, पुलर व दोन चांगल्या घोड्या वर्षांतून एकदां लागणार, म्हणून प्रत्येकानें विकत घेणें परवडत नाहीं, आणि म्हणूनच विटा व छिनी पुढें येतात. १९०४ च्या कायद्यानें शेतकऱ्यांस कर्जासाठीं एकत्र येण्याचा मार्ग दाखविला. ज्या गांवांत पैशासाठीं एकमेकांवर विश्वास ठेवला जातो, तेथें चार हत्यारांसाठीं तो कां ठेवूं नये? प्रत्येक सहकारी सोसायटीनें असा एक संच ठेवावा, तो नोंद करून द्यावा, व पावसाळ्यापूर्वीं एखाद्या अनुभवी मिस्त्रीस मानधन देऊन गांवच्या तरुणांसमोर एक जुनी जीप उघडून दाखवावी. खर्च थोडा आहे. मृगापूर्वींच्या एका रिकाम्या दिवशीं शिकलेलें हें काम भर पेरणींतील खोळंबा टाळील, आणि विटांवर तोललेल्या गाडीखालीं शिरण्याची पाळी कोणावर येणार नाहीं. सोसायट्यांच्या चालकांनीं येत्या सभेंत हा विषय घ्यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.