शब्दाची ओळख : ट्रिप होणे

मंडळी, ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातला संच 'ट्रिप' झाला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. विहिरीवरची मोटारही ट्रिप होते. आणि शाळेची पोरे जातात तीही ट्रिपच! मग हा शब्द आहे तरी कसा?

हे इंग्रजी क्रियापद जुन्या फ्रेंचातून आले. हलक्या पायाने नाचणे, बागडणे हा त्याचा अर्थ. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीने ते नाचण्यालाच वापरले आहे. नाचणाऱ्याचा पाय अडखळायचाच. म्हणून ठेच लागणे हाही अर्थ जडला. सहल मागाहून आली. पुढे यंत्रे आली, तेव्हा अडकवलेला खटका निसटण्यालाही हाच शब्द लागला. उंदराच्या सापळ्याचा खटका पडतो ना, अगदी तसे.

तुमच्या स्टार्टरमध्ये हेच घडते. मोटारीने जास्त वीज ओढली की आतली दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते, खटका पाडते आणि वीज तुटते. तेव्हा मोटार ट्रिप झाली म्हणजे बिघडली नव्हे, जळता जळता वाचली! बहुधा एखादा फेज गेलेला असतो, नाहीतर पंपात गाळ अडकलेला. तरी काहीजण खटका सारखा पडतो म्हणून तो बांधूनच टाकतात. हे आम्हाला मुळीच पसंत नाही. मग मोटार भरायचा खर्च कोणाच्या डोक्यावर?

पट्टी निवू द्या, तिन्ही फेजचे दिवे लागलेत का पाहा, मगच बटण दाबा. तरीही खटका पडला तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.