इटलीकडून काय घेतले, काय सोडले?

भारतीय राष्ट्रवादाच्या जडणघडणीची चर्चा निघाली की इटलीचे नाव येते, आणि मॅझिनीचा उल्लेख झाला की ती चर्चा संपते. वस्तुतः तिचा आरंभ तेथून व्हावयास हवा. इटलीकडून आपण नेमके काय घेतले आणि काय मागे ठेवले, हा प्रश्न वऱ्हाडातील कार्यकर्त्याला तरी टाळता येणार नाही.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते, तर दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. टिळक तेव्हा राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. त्यांच्याविषयी सहानुभूती व्यक्त करणारे हृदयस्पर्शी भाषण त्या अधिवेशनात केले ते सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी. कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांना व्याख्यानांतून मॅझिनीची ओळख करून देणारे सुरेंद्रनाथ ते हेच. लाला लजपतराय यांनी मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे उर्दूत लिहिली. सावरकरांनी लंडनमध्ये केलेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे भाषांतर १९०७ साली महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. अनेक राज्यांत विभागलेला, परक्यांच्या टाचेखालचा इटली आपल्या वाचकांना जवळचा वाटला, यात नवल नाही. वऱ्हाडवर तर सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशी स्थिती १८५३ पासून होती.

परंतु प्रत्येकाने आपल्याला हवा तेवढाच मॅझिनी उचलला. सुरेंद्रनाथांनी त्याची क्रांती वगळून ऐक्य व देशप्रेम घेतले. सावरकरांनी गुप्त संघटना आणि शपथ घेतली. ‘तरुण इटली’च्या धर्तीवर ‘अभिनव भारत’ उभी राहिली. या दोन्ही निवडींत मागे राहिला तो इटलीचा श्रमिक. मॅझिनीने १८६० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेले मानवी कर्तव्यांवरील विवेचन इटलीच्या कामगारांनाच उद्देशून होते. भांडवल आणि श्रम एकाच हाती यावेत, त्यासाठी श्रमिकांनी स्वेच्छेने सहकारी संघ उभारावेत, असे त्याचे प्रतिपादन होते. वर्गसंघर्ष त्याला मान्य नव्हता आणि त्याबाबत आपले त्याच्याशी मतभेद आहेत. तरीही राजाविना प्रजासत्ताक आणि श्रमाविना संपत्ती नाही, ही त्याची दृष्टी नाकारता येणार नाही.

त्याच १८६० साली सिसिलीतील ब्राँते गावचे शेतकरी, गॅरिबाल्डी आला म्हणजे जमीन मिळणार, या आशेने उठले. उठावात रक्तपात झाला. तो मोडण्यासाठी गॅरिबाल्डीचाच सेनानी बिक्सिओ आला आणि त्याने पाच जणांना गोळ्या घालविल्या. पुढच्या वर्षी इटलीचे राज्य स्थापन झाले तेव्हा मताचा अधिकार जेमतेम शेकडा दोन लोकांना होता. ज्या पक्षाकडे शेतजमिनीचा कार्यक्रम नाही, त्याच्या हातून राष्ट्र घडते पण जनता त्याच्याबाहेर राहते, हे मर्म पुढे ग्राम्शीने तुरुंगात बसून उलगडून दाखविले.

आपल्याकडे हे मर्म फार लवकर ओळखले ते गांधीजींनी. ‘हिंद स्वराज्य’ या १९०९ च्या पुस्तकात त्यांनी इटलीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. राजा बदलला, पण इटलीचा मजूर सुखी झाला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या मुलखात सामान्य माणूस लढ्यात उतरला, तो त्याच्या भाकरीतल्या मिठाचा प्रश्न उघडपणे मांडला गेला म्हणून. गुप्त शपथेला हे साधले नसते.

आणखी एक इटली आपल्याकडे आला आहे, आणि त्याच्याविषयी सावध राहिले पाहिजे. नागपूरचे डॉ. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला मुसोलिनीला भेटले. तेथील मुलांच्या लष्करी शिक्षणाने ते प्रभावित झाले. नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ साली सुरू झाली. त्या भेटीच्या वेळी समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांच्या खुनाला सात वर्षे होत होती आणि ग्राम्शी कैदेत होता. मॅझिनीचे राष्ट्र मानवजातीकडे नेणारी पायरी होते. मुसोलिनीचे राष्ट्र माणसाला गिळणारे दैवत होते. एकाच देशाचे नाव घेऊन या दोन गोष्टींची सरमिसळ करणे हा वैचारिक अप्रामाणिकपणा होय.

आता वऱ्हाडकडे पाहावे. अमरावती अधिवेशनानंतर दोनच वर्षांनी येथे भीषण दुष्काळ पडला. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी, २००६ साली, अमरावती व अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. कारण कापूस पिकविणारा शेतकरी आत्महत्या करीत होता. झेंडा आपला झाला. पण कापसाचा भाव, पाणी आणि सावकाराचे देणे या बाबतींत त्याचे स्वराज्य कोठे आहे?

ब्राँतेच्या शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न वऱ्हाडात आजही उभा आहे. देशभक्तीची व्याख्याने गावोगावी होतील. त्या सभांत आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न शांतपणे, पण न चुकता विचारावा. मॅझिनीचा जो भाग आपण मागे ठेवला, तो आता उचलण्याची वेळ आली आहे.