अकरावीच्या उंबरठ्यावर

दहावीचा निकाल लागला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा किनाऱ्यावरील गावांतून घरोघरी एकच खल सुरू होतो: अकरावीस विषय कोणते घ्यावेत? तुमच्यापुढेही दोन-तीन वर्षांत तो अर्ज येईल. 2020 च्या कायद्याने शाळांतून मराठी सक्तीची झाली, ती दहावीपर्यंतच. पुढे विज्ञानशाखेच्या मुलास इंग्रजी घ्यावेच लागते. मराठीऐवजी मात्र माहिती तंत्रज्ञान घेण्याची मोकळीक आहे. मग वडीलधारी मंडळी म्हणतात, "मराठी काय, घरी बोलतोसच की! गुण मिळतील ते घे." हा हिशेब मला पटत नाही.

खाडीकाठच्या मुलास होडी वल्हवता येते, म्हणून त्याच्या हाती कोणी गलबताचे सुकाणू देत नाही. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतही तेवढेच अंतर आहे. बाराव्या वर्षी कविता कानाला गोड लागते. सोळाव्या वर्षी ती आपणांस प्रश्न विचारू लागते. नेमके त्याच वर्षी पुस्तक मिटावयाचे, हे कसले शहाणपण?

चिंतामणराव देशमुख यांचेच उदाहरण घ्या. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळील नाते या गावी 1896 साली त्यांचा जन्म झाला. 1912 साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिजला गेले ते निसर्गविज्ञान शिकावयास. तेथे वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकाविले. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आणि याच गृहस्थांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात उतरविले! वनस्पती जाणणाऱ्या त्या डोळ्यांना मेघाच्या वाटेवरील फुले अधिकच स्पष्ट दिसली असतील, असे आपले मला वाटते.

माहिती तंत्रज्ञान अवश्य शिकावे. माझी तक्रार आहे ती अदलाबदलीविषयी. अर्थात मुले मराठी सोडतात, याचा निम्मा दोष शिकविणाऱ्यांकडे जातो. 'युवकभारती'तील पाठ बाजूस ठेवून अपेक्षित प्रश्नांची उत्तरेच उतरवून दिली, तर सतरा वर्षांच्या मुलाने त्यात रमावे तरी कसे? त्यापेक्षा वर्गात एक कथा सावकाश वाचावी, तिच्यातील माणूस बरोबर वागला की चुकला यावर मुलांना मनसोक्त वाद घालू द्यावा, आणि मग पुढील वर्षी हा विषय कितीजण सोडतात ते पाहावे.