जन्मदाखला नसलेली गाडी

गोंदियापासून बारा-एक किलोमीटरवर, कामठ्याजवळ, बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० मध्ये, इंग्रज सरकारने ती बांधली. युद्ध संपले, विमाने गेली आणि अशा कित्येक धावपट्ट्या देशभर ओस पडून राहिल्या. बिरसीची पट्टी विमानांचीच राहिली. पुढे तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, प्रवासी विमानेही उतरली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या पट्टीचे नशीब मात्र वेगळे निघाले. विमाने गेलेल्या त्या सिमेंटवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या आणि १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने त्या ऐंशीच्या दशकापर्यंत चालवल्या. इंग्लंडातले सिल्व्हरस्टोनही मूळचे युद्धकालीन विमानतळच. तेथे १९४८ पासून शर्यती होऊ लागल्या.

बिरसीच्या बाजूने जाताना मला दर वेळी शोलावरम आठवते आणि त्याबरोबर एक प्रश्न पडतो. त्या पट्टीवर धावलेल्या गाड्या गेल्या कुठे? परदेशातून आलेल्या गाड्यांबद्दल मी विचारत नाही. त्यांची कागदपत्रे असतात, त्यांच्या मागे संग्राहक लागलेले असतात. मी विचारतो आहे ते मिस्त्रीने, लेथवाल्याने आणि एखाद्या वेड्या मालकाने मिळून घरच्या शेडमध्ये बांधलेल्या गाड्यांबद्दल.

अशा गाड्या आपल्याकडे का जन्मल्या, हे आधी समजून घ्यायला हवे. पन्नाशीच्या दशकात सरकारने देशी कारखानदारीला संरक्षण दिले. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला. बाहेरची गाडी आणणे दुरापास्त झाले. बाजारात उरली ती मुंबईची फियाट, कलकत्त्याजवळ बनणारी ॲम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. ज्याला शर्यतीत उतरायचे त्याला या तिघींतूनच काहीतरी घडवावे लागे. स्टँडर्ड हेराल्डला त्यातल्या त्यात मागणी, कारण तिची चासी आणि बॉडी वेगवेगळी होती. बॉडी उतरवली की खाली उरलेल्या सांगाड्यावर हवे ते बांधता येई. इंजिन एकीचे, गिअरबॉक्स दुसरीचा, पत्रा घरी ठोकलेला आणि बसायला एकच जागा. या मार्गाने कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी पुढे मारुती ८०० च्या इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या घडवल्या. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच गाड्यांवर तयार झाला. घरगुती म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो त्या कामाची ही फलश्रुती आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचे नाव घ्यावे लागेल. त्यांची ‘मीरा’ शर्यतीची नव्हती, सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी होती. शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसाने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरीपर्यंत एकामागून एक नमुने बांधले. किंमत ठरवली होती बारा हजार रुपये. परवाने आणि कर यांच्या जंजाळात उत्पादन काही सुरू झाले नाही, आणि पुढे मारुती आल्यावर तो विषयच संपला. आज मीरा आपल्याला भेटते ती मुख्यतः जुन्या छायाचित्रांतून. पण त्या छायाचित्रांत एक गोष्ट दिसते. गाडीला नंबरपट्टी आहे. म्हणजे घरी बांधलेल्या गाडीला आरटीओने कधीकाळी क्रमांक दिला होता, आणि ज्या वहीत तो लिहिला गेला ती वही हाच तिच्या अस्तित्वाचा पहिला सरकारी पुरावा होता.

शर्यतीच्या गाडीचे दुखणे याहून मोठे आहे. ती रस्त्यावर येतच नाही. ट्रकवर घालून मैदानात न्यायची, पळवायची आणि परत आणायची. त्यामुळे तिला क्रमांक नाही, नोंदणीपुस्तक नाही, विमा नाही. कारखान्यात जन्म नाही म्हणून कारखान्याची नोंद नाही, रस्त्यावर आली नाही म्हणून सरकारची नोंद नाही. बांधणारा गेला की ती अनाथ होते.

आता समजा, गोंदियातल्या एखाद्या धानगिरणीच्या मागच्या शेडमध्ये, बारदान्याखाली, अशी एक गाडी निघाली. तिचा इतिहास कसा शोधायचा? पहिला साक्षीदार म्हणजे धातू. चासी कापून जोडली आहे का, जोड गॅसच्या वेल्डिंगचा आहे की विजेच्या, पुढचे सस्पेन्शन फियाटचे की हेराल्डचे, हे जाणता मिस्त्री तासाभरात सांगतो. रंगाचे थर हलक्या हाताने खरवडले तर खाली शर्यतीचा आकडा सापडू शकतो. म्हणून अशी गाडी सापडली की पहिली चूक करायची नाही ती म्हणजे ती चकाचक करण्याची. रंग उडवला की पुरावा उडाला.

दुसरा साक्षीदार इंजिनाचा क्रमांक. गाडी घरची असली तरी इंजिन कारखान्याचे असते आणि ते ज्या मूळ गाडीतून काढले तिची नोंद कुठल्या तरी आरटीओत असते. पण ‘कुठल्या तरी’ हा शब्द आमच्या भागात फार महागात पडतो. गोंदिया १ मे १९९९ ला स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर तो भंडाऱ्यात होता. त्या आधी १९६० पर्यंत आपण द्विभाषिक मुंबई राज्यात, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात आणि त्याही आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. साठ वर्षांत एकाच गावातली गाडी तीन-चार राजवटींच्या दप्तरांतून गेली. कागद नागपुरात असेल, भंडाऱ्यात असेल किंवा दप्तर हलवताना ओल्या खोलीत टाकलेल्या गठ्ठ्यात असेल.

तिसरा साक्षीदार माणूस, आणि त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त सावध राहावे लागते. आपल्याकडे प्रत्येक जुनी गाडी कुठल्या ना कुठल्या राजाची असते! मालक खोटे बोलतो असे नव्हे. त्याच्या वडिलांनी त्याला तसे सांगितलेले असते. म्हणून माणसाला ‘ही कुणाची’ असे विचारू नये. ‘क्लच कुणी बसवला, पत्रा कुठून आणला, ब्रेक का बदलले’ असे विचारावे. राजाची गोष्ट ऐकीव असते. पत्र्याचा भाव मात्र ज्याने दिला त्यालाच आठवतो.

हे सारे करूनही हाती अपुराच धागा येतो, आणि ते काही आपलेच दुर्दैव नाही. कॉलिन चॅपमन या तरुण इंजिनिअरने १९४८ मध्ये लंडनमध्ये, मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात, १९२८ च्या जुन्या ऑस्टिन सेव्हनवर एक स्पर्धेची गाडी बांधली. ती लोटसची पहिली गाडी. पुढे या कंपनीने फॉर्म्युला वनची सात कन्स्ट्रक्टर विजेतेपदे मिळवली. पण ती पहिली गाडी १९५० मध्ये जाहिरात देऊन विकली गेल्यावर तिचा माग हरवला. कंपनीने अलीकडे जगभरच्या लोकांना जाहीर आवाहन केले की आपापल्या शेडमध्ये, गोठ्यात, गॅरेजात बघा. एवढ्या श्रीमंत कंपनीलाही शेवटी लोकांच्या दारात जावे लागले. फरक इतकाच की तेथे कुणीतरी शोधते आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आज जी निकड आली आहे ती दोन सरकारी निर्णयांमुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. प्रदूषण आणि अपघात पाहता या धोरणाशी भांडण नाही. पण जुन्या गाडीचे काय, यावर उत्तर म्हणून जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक, २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. प्रदर्शन, रॅली, संशोधन एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. नियम चांगले आहेत. अडचण व्याख्येत आहे.

पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. ज्या गाडीची नोंदणीच झाली नाही तिचे वय या नियमाने कधी सुरूच होत नाही. दुसरी अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. घरी बांधलेल्या गाडीचे मूळ स्वरूप म्हणजेच फेरफार! आणि शर्यतीची गाडी तर दर मोसमात बदलते. न बदललेली शर्यतीची गाडी म्हणजे जी कधी शर्यतीत उतरली नाही ती. मूळ स्वरूपाची ही कल्पना कारखान्यातून आली आहे, आणि ती तिथेच लागू पडते.

लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० मध्ये नेमका हाच वाद आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटले गाडी १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेली. ती एक कोटी पौंडांना विकली गेली, तेव्हा घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, हिचे भाग बदललेले आहेत. न्यायालयाने मान्य केले की १९२९ चे फारच थोडे उरले आहे. तरीही निकाल दिला की ही तीच गाडी, कारण शर्यतीची गाडी म्हणून तिचा इतिहास अखंड आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. वस्तूची ओळख केवळ लोखंडात नसते, ती सांभाळून ठेवलेल्या हकिकतीत असते. आपले नियम लोखंड तपासतात, हकिकत विचारत नाहीत.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. कुणीही उठून चार चाके जोडावीत आणि हमरस्त्यावर यावे, असे मीही म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी एका कारागिराने भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची तारीफ केली, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. हेतू चांगला होता. पण यातला बोध विसरू नये. त्या गाडीला स्थान मिळाले ते एका उद्योगपतीची नजर गेली म्हणून. ज्यांच्यावर अशी नजर पडत नाही त्यांचे काय?

म्हणून चालवणे आणि जपणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. घरात गाडी ठेवायला कायदा अडवत नाही, हे खरे. पण कागद नसलेल्या वस्तूला विमा मिळत नाही, रॅलीत जागा मिळत नाही, वारसांच्या लेखी किंमत नसते. मग एके दिवशी शेड रिकामी करताना कबाडी वजनाने भाव करतो आणि विषय संपतो. पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदाही येथे कामाचा नाही, कारण त्याची अट शंभर वर्षांची. पन्नास-साठ वर्षांची घरगुती गाडी एका कायद्याला फार तरुण आणि दुसऱ्याला अजून जन्मलेलीच नाही!

करण्याजोगे तीन गोष्टी आहेत आणि त्यांतली एकही फार खर्चाची नाही. एक, व्हिंटेज नियमांत घरगुती आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी निराळा वर्ग असावा. रस्त्यावर चालवण्याची परवानगी नको, केवळ ओळखपत्र द्यावे. ब्रिटनमध्ये वय किंवा ओळख नक्की नसलेल्या वाहनाला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक देतात. संशय लपवत नाहीत, पाटीवर लिहून टाकतात. तपासणीसाठी पुण्यातली एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था आपल्याकडे आहेच. दोन, आरटीओंच्या जुन्या नोंदवह्या. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. त्याच्या आधाराने भंडारा-नागपूरच्या वह्या रद्दीत जाण्याआधी पुराभिलेखागाराकडे सोपवता येतील. तीन, मिस्त्री. हे काम सरकारचे नाही, आपले आहे. साठीच्या दशकात हाताखाली काम करणारा पोऱ्या आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्याजवळ बसून त्याचे बोलणे नोंदवायला मोबाईल पुरतो.

आमच्या गोंदियाची ओळख धानाची आणि विडीची. पण गिरणी बंद पडू न देणारा, जुन्या इंजिनात नवा जीव ओतणारा मिस्त्री हीसुद्धा या गावाची ओळख आहे. त्याने आयुष्यात काय काय बांधले, याची वही कुणी ठेवली नाही. वाचकांपैकी कुणाच्या शेडमध्ये बारदान्याखाली अशी एखादी अर्धवट, कुरूप, एका माणसाच्या मापाची गाडी असेल, तर कबाड्याला बोलावण्याआधी एवढेच करावे. ती पुसू नये, फोटो काढावा, इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि तिला ओळखणारा माणूस हयात असेल तर त्याच्याकडे आजच जावे. गाडी आणखी दहा वर्षे उभी राहील. तो माणूस तेवढा थांबेलच असे नाही.