सहलीला जरूर जा, पण गोळ्यांना सुट्टी देऊ नका

"डॉक्टर, आता तुम्हीच यांना सांगा. या वयात असं फिरणं नको."

थंडी सुरू झाली की हे वाक्य माझ्या दवाखान्यात हमखास ऐकू येतं. परवा असेच एक काका मुलाबरोबर आले होते. वय 71, मधुमेह, दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. शाळेतल्या मित्रांनी शिरूरजवळच्या एका शेतावर दोन दिवस हुरडा खायला जायचं ठरवलं होतं. मुलाला माझ्याकडून "नाही" हवं होतं. काका गप्प बसून फाईलचे कोपरे चाळवत होते.

खरं सांगू? "नको" म्हणणं आम्हा डॉक्टरांसाठी सगळ्यात सोपं असतं. पुढे काही झालं तर बोल लागत नाही. मीही बरीच वर्षं असंच सांगत आलो. आता सांगत नाही, कारण "नको" ऐकून घरी बसलेल्यांचं पुढे काय होतं तेही मी पाहतो. बाहेर पडणं थांबलं की चालणं कमी होतं. मांड्यांचे स्नायू आटतात, तोल जातो, पडायची भीती वाटते आणि मग पाय उंबऱ्याबाहेर पडतच नाही. त्यात एकटेपणा. हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि विस्मरण या सगळ्यांचा धोका एकटेपणात वाढलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये या प्रश्नावर वेगळा आयोग नेमला, तो उगाच नाही. मित्रांबरोबर गप्पा मारत शेतात फेरी मारणं ही चैन नाही, ती प्रकृतीची गरज आहे.

मी काकांना तीन प्रश्न विचारले. छातीत दुखतं का? दोन जिने न थांबता चढता येतात का? गेल्या महिन्याभरात साखर अचानक खाली गेली होती का? उत्तरं समाधानकारक होती, तपासणीही ठीक होती. मी म्हणालो, "खुशाल जा."

पण मुलाची भीती अगदीच खोटी नव्हती. काही वर्षांपूर्वी माझ्या एक पेशंट आजी नातवंडांबरोबर कोकणात गेल्या होत्या. हृदय अशक्त असल्याने त्यांना लघवी होण्याची गोळी चालू होती. गाडी सारखी थांबवावी लागेल म्हणून त्यांनी ती तीन दिवस घेतलीच नाही. वर पापड, लोणचं, फरसाण चालूच. परत आल्या त्या रात्री त्यांना आडवं झोपता येईना, इतका दम लागला. चार दिवस आयसीयूत काढावे लागले. दोष सहलीचा नव्हता, चुकवलेल्या गोळीचा होता. आणि "गाडी थांबवा" म्हणायचा संकोच वाटला, त्याचा होता.

निघण्यापूर्वी एवढं करा

• लघवीची गोळी बंद करू नका. तिची वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ ठेवणारी गोळी तर एकदाही चुकवू नका.

• दोन दिवसांची सहल असेल तर चार दिवसांची औषधं घ्या, तीही हातातल्या पिशवीत. गाडीच्या डिकीत नको.

• इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नका. दोन्हींमुळे ते निकामी होतं.

• सहलीत जेवणाला हमखास तीन वाजतात आणि चालणंही जास्त होतं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी घसरते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि मग जेवा.

• हुरडा म्हणजे ज्वारीच. तो भाकरीऐवजी खा, भाकरी खाऊन वर नको. गुळाचा खडा चवीपुरता.

• संध्याकाळी मित्रांची "बैठक" असेल, तर रिकाम्या पोटी मद्य आणि मधुमेहाची औषधं हे धोक्याचं गणित आहे. झोपेच्या गोळीबरोबर तर मद्य अजिबात नको.

• आपला आजार निदान एका मित्राला सांगून ठेवा. औषधांची यादी खिशात असू द्या. जवळचं रुग्णालय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. छातीत दाब किंवा दम जाणवला तर "ॲसिडिटी असेल" म्हणत वाट पाहू नका, 108 ला फोन लावा.

नातवंडांबरोबर जाताना

इथे मला मुला-सुनांशी, लेकी-जावयांशी थोडं बोलायचं आहे. बागेत किंवा प्राणिसंग्रहालयात जाताना आजीला सोबत नेता, ही चांगली गोष्ट. पण तिथे तिने पिशव्या सांभाळत बाकावर बसायचं, किंवा पंधरा किलोचा नातू कडेवर घेऊन फिरायचं, ही तिची सहल नव्हे. हाडं ठिसूळ झालेल्या वयात एवढं वजन झटक्यात उचललं तर मणका दबू शकतो. नातवाने आजीच्या मांडीवर बसावं, कडेवर नको. दोन धावऱ्या मुलांमागे एकट्या आजोबांना सोडू नका. किल्ला दाखवायचा असेल तर रायगडसारखा रोपवे असलेला निवडा. पायऱ्या उतरताना, विशेषतः दुहेरी चष्मा असेल तर, कठडा धरूनच उतरायला सांगा.

थांबायचं कधी, तेही सांगतो. छातीत नव्याने दुखू लागलं असेल, दम किंवा पायांची सूज वाढत असेल, ताप असेल, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया अथवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. सहल पुढे ढकलता येते.

काका जाऊन आले. दोन दिवसांनी साखर तपासली तर थोडी वाढलेली निघाली. "गुळाचे दोन खडे जास्त झाले," असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. आठवड्याभरात ती जागेवर आली. पुढच्या वर्षीची तारीखही मित्रांनी ठरवून टाकली आहे. या वेळी मुलगा त्यांना सोडायला जाणार आहे.

तुमचंही असं काही ठरत असेल, तर फाईल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. फक्त "जाऊ का?" असं विचारू नका. "जायचं आहे, काय तयारी करू?" असं विचारा.